काकूंच्या हातून न सुटलेला बोल्ट

आमच्या घरमालकीणबाईंना मी सहा वर्षं तोंडावर काकू म्हणत होतो आणि त्यातली निदान चार वर्षं मनातल्या मनात दुसरंच काहीतरी. ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोकरीसाठी सिल्वासात आलो आणि त्यांच्या दारात खोली विचारायला उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मला तीनच प्रश्न केले. गाव कोणतं, लग्न झालंय का, आणि बरणीचं झाकण घट्ट बसलं तर काय करतोस. मी म्हटलं, चिपळूण, नाही, आणि जोर लावतो. "मग वरची खोली घे," त्या म्हणाल्या, "खालची तुझ्या कामाची नाही." खालची खोली थंडगार होती, वरच्या खोलीवर पत्रा होता. जोर लावणाऱ्या माणसाला काकू आपल्या अंगणाच्या आसपास फिरकू देत नसत, हे मला पत्र्याखाली एक उन्हाळा भाजून निघाल्यावर कळलं.

कारण त्या अंगणात जाम झालेले बोल्ट सुटत. तुळस, पापडाची खाट, वाळत घातलेल्या साड्या, आणि या सगळ्याच्या मधोमध फरशीवर कायम कुणाचं तरी इंजिन. कधी मोपेडचं, कधी पाण्याच्या पंपाचं. एकदा तर सुरंगीहून एकजण भातझोडणीच्या यंत्राचं इंजिन टेम्पोत घालून घेऊन आला होता. आमच्या फळियात, म्हणजे गल्लीत, ज्याचा बोल्ट अडला तो आधी स्वतः झगडायचा, मग बोल्टाचं डोकं घासून गोल करून ठेवायचा आणि मग काकूंकडे यायचा. कोपऱ्यावर गॅरेज होतं. त्या गॅरेजवाल्या जिग्नेशभाईचंही अडलं की तो मागच्या दाराने यायचा, इंजिन गोणपाटात गुंडाळून. "काकी, कोणाला बोलायचं नाय हां," असं म्हणत तो पायरीवर बसायचा. काकू म्हणायच्या, "मी कशाला बोलू? तुझं तोंडच सांगून राहिलंय."

बसल्याबरोबर त्याच्यापुढे लसणाची परडी यायची. हा काकूंचा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. तापल्या डोक्याच्या माणसाने पान्याला हात लावायचा नाही, आणि डोकं निवलंय की नाही ते लसूण सांगतो, असं त्यांचं म्हणणं. दहा पाकळ्या सोलायच्या. पाकळी न चेपता साल निघाली तर तुम्ही शुद्धीवर. चेपली तर आणखी दहा. "बोल्ट काय तुझा सावत्र भाऊ आहे का रे, त्याच्यावर दातओठ खातोस?" असं म्हणत त्या पुढच्या दहा समोर टाकायच्या. फळियातले दांडगे दांडगे लोक, बारा तास मशीनवर उभे राहणारे ऑपरेटर, पायरीवर मान खाली घालून लसूण सोलत बसलेले मी पाहिलेत. मी तर किलोकिलोने सोललाय, तोही "कोकणातल्या माणसाला फणस सोडून काही सोलता येत नाही" हे ऐकत. सहा वर्षांत काकूंनी स्वतः लसूण सोलल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांच्या हातची लसणाची चटणी मात्र सबंध फळियात वाटली जायची. हा योगायोग होता असं मी म्हणणार नाही.

काकू मूळच्या चोपड्याकडच्या. नवरा राखोलीच्या एका सूत कारखान्यात फिटर, म्हणून तीसेक वर्षांपूर्वी इकडे आल्या. तो मनुष्य मी पाहिलेला नाही, मी येण्याआधीच तो वारला. पण त्याने आवळलेल्या वस्तू पाहिल्यात. घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक बिजागरी, शेगडीचे पायसुद्धा असे पिळून बसवलेले की प्रलय आला तरी हलू नयेत. "आमच्या ह्यांनी आवळलेला बोल्ट आणि धरलेला राग, दोन्ही सुटायचे नाहीत," काकू सांगायच्या. "रागाचं मला काही जमलं नाही. मग म्हटलं, बोल्टाचं तरी शिकू." सुटेना झालं की नवरा चिडायचा, चिडला की बोल्ट मोडायचा, आणि स्कूटर आठ आठ दिवस अंगणात पडून राहायची. म्हणून तो ड्युटीवर गेला की काकू घरातल्याच वस्तू घेऊन स्कूटरशेजारी फतकल मारून बसायच्या.

घरातल्याच म्हणजे अगदी घरातल्या. दात घासायच्या जुन्या ब्रशने आधी गंज झाडायचा. मग घासलेट आणि तिळाचं तेल, कापसाच्या बोळ्याने बोल्टाच्या डोक्याभोवती. वरून ओलं फडकं. "मोड यायला ठेवलाय," असं त्या सांगत, आणि बोल्ट एक दिवस मटकीसारखा तसाच बांधलेला. दुसऱ्या दिवशी खलबत्त्याचा बत्ता घेऊन डोक्यावर हलके हलके एकवीस ठोके. हातोडी हाणली तर बोल्ट आणखी अंग चोरतो म्हणे. मग पाना लावायचा, आणि सोडायच्या आधी केसभर आवळायचा. हे पाहून नवा माणूस हमखास म्हणे, "काकू, उलटं फिरवताय." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "एकदा त्याच्या मनासारखं करू दे. मग तो आपलं ऐकतो." आणि खरंच, त्या केसभर आवळण्यात गंज तडकायचा आणि बोल्ट सुतासारखा सरळ यायचा. पुढे लग्न झाल्यावर हा उपाय मी घरात करून पाहिला. बोल्टाच्या बाबतीत चालतो.

माझ्याच कारखान्यातला एक इंजिनिअर एकदा आपल्या मोटरसायकलचं इंजिन घेऊन आला. लसूण सोलायला त्याला कमीपणा वाटला. त्याने पान्याच्या दांड्यात हातभर लांब पाइप अडकवला आणि मला म्हणाला, "ह्याला लिव्हर म्हणतात." काकूंनी कधी नव्हे ते त्याला अडवलं नाही. उलट बसायला पाट दिला. त्याने एक हिसका मारला, कट्‌ असा आवाज झाला आणि बोल्टाचं डोकं तुळशीत जाऊन पडलं. "छान," काकू म्हणाल्या, "आला तेव्हा एक बोल्ट होता, आता दोन झाले." आत उरलेला तुकडा काढायला त्यांना तीन दिवस लागले. बोल्ट तापवायचा, त्यावर मेणबत्ती टेकवायची, वितळलेलं मेण आट्यांत शिरू द्यायचं, मग बारीक छिन्नी कडेला तिरकी धरून टिचक्या मारत मारत फिरवायचा. तो तुकडा त्यांनी इंजिनिअरसाहेबांना चटणीच्या डबीबरोबर पाठवला. साहेब पुढे महिनाभर कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी बसले नाहीत.

ह्यानेही भागलं नाही तर जालीम औषध. त्याला नखांचा रंग पुसायचं पाणी लागे, त्यात निम्मं स्कूटरचं तेल. ते पाणी आणायचं काम माझं. बाजारातल्या कटलरीच्या दुकानात मी एकटा, बिनलग्नाचा, दर महिन्याला दोन बाटल्या. तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "नुसतं पुसायचं काय नेता भाई, रंग पण घ्या, सगळे कलर आहेत." मी म्हटलं, बोल्ट सोडवायला लागतं. तो म्हणाला, "हो हो, आम्ही कुठे काय म्हणतो." त्याच सुमाराला मला एक स्थळ आलं होतं आणि मुलीचा मामा त्या दुकानाच्या वरच राहायचा. स्थळ परत गेलं. आईने कारण विचारलं तेव्हा मी पत्रिका जुळली नाही असं सांगितलं.

वर रविवारी सकाळी सातला बत्त्याची ठकठक सुरू व्हायची. आठवड्याची एकुलती एक झोप मोडायची, आणि मी पत्र्याखाली पडून ते म्हणायचो, जे इथे लिहिण्यासारखं नाही.

सहाव्या वर्षी थंडीत एका संध्याकाळी कामावरून आलो तर फाटक उघडं आणि काकू अंगणात आडव्या. घासलेटाची बाटली कलंडलेली, त्यावरून पाय घसरलेला. दुपारपासून तशाच पडून होत्या, आजूबाजूचे सगळे ड्युटीवर. मला पाहून पहिलं वाक्य, "तिकडून ये, इकडे निसरडं आहे." डावं मनगट नको तिकडे वळलं होतं. उचललं तेव्हा त्या इतक्या हलक्या लागल्या की मी घाबरलो. ज्या बाईला मी वर्षानुवर्षं मनात शिव्या घातल्या, ती माझ्या हातांत थरथरत होती. रिक्षात मला रडूच कोसळलं. त्या म्हणाल्या, "मोडलंय माझं आणि रडतोस तू. पुढे बघ."

सुरतेहून मुलगा आला. तिथे त्याची चांगली नोकरी, बायको-मुलं, आठव्या मजल्यावर फ्लॅट. स्वभावाने गरीब माणूस. काकू त्याला भाऊ म्हणायच्या, खानदेशात मुलाला म्हणतात तसं, म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो. प्लास्टर निघेपर्यंत ते दर रविवारी यायचे आणि एकच म्हणायचे, आई, चल. काकू विचारायच्या, आठव्या मजल्यावर अंगण आहे का? शेवटी एका रविवारी, मी आणि जिग्नेशभाई पायरीवर लसूण सोलत असताना, भाऊंचा आवाज चढला. "पुन्हा पडलीस तर, आई? ह्या वेळी संध्याकाळी का होईना, हे तुझे भाडेकरू आले. पुढच्या वेळी कोण येईल?"

काकूंनी तो बरा झालेला हात गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या हातून एक बोल्ट सुटला नाही, तर समज हात गेले. त्या दिवशी घराला कुलूप लावते आणि तुझ्याबरोबर येते. हे दोघं साक्षीला. आण, कुठला आणतोस तो."

आता माझं पाप सांगतो. मंगळवारी मला भाऊंचा फोन आला. "तुम्ही रोज बघता," ते म्हणाले. "आईला सुटणार नाही असा बोल्ट कसा असतो?" मी कारखान्यात स्टोअरकीपर. माझ्या पाठीमागच्या फळीवर लाल गोंदाच्या बाटल्या असतात. यंत्राच्या हादऱ्यांनी बोल्ट ढिला पडू नये म्हणून तो आट्यांना लावतात. वाळला की बोल्ट आणि इंजिन एकजीव, सणसणीत तापवल्याशिवाय सुटायचं नाव नाही. काकूंकडे गंजावर शंभर औषधं होती, पण हा गोंद त्यांनी कधी पाहिला नव्हता. मला त्यांचं ते फरशीवर पडणं आठवलं, आणि खोटं कशाला बोलू, रविवारची झोपही आठवली. तळाशी थोडा गोंद उरलेली एक बाटली मी भाऊंना वापी स्टेशनाबाहेर नेऊन दिली. दोघंही चोरासारखे उभे होतो. "लावून चांगला आवळा," मी म्हटलं, "आणि वरून चार दिवस मिठाचं पाणी शिंपडा, म्हणजे गंजलेला वाटेल." ही अक्कल मला काकूंच्याच अंगणात आलेली.

पुढच्या रविवारी इंजिन आलं, एका जुन्या मोटरसायकलचं, चादरीत गुंडाळून. मुदत दिवेलागणीपर्यंत. अर्ध्या फळियातले लोक अंगणात जमले. काकूंनी आधी भाऊंपुढे आणि माझ्यापुढे लसूण टाकला. भाऊंच्या पाकळ्या दहाच्या दहा अख्ख्या निघाल्या. माझ्या सगळ्या चेपल्या. काकूंनी एकदा त्यांच्या पाकळ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्या. "वा," त्या म्हणाल्या, "पैज लावणारा शांत, आणि भाडेकरूला घाम." मी म्हटलं, उकडतंय.

मोड आणायला दिवस नव्हता, म्हणून घासलेट दोन तासच ठेवलं. मग बत्ता. मग केसभर आवळणं, आणि तिथेच काकू थबकल्या. त्या केसभरात नेहमी काहीतरी कुरकुरायचं, ते आज कुरकुरलं नाही. त्यांनी डोळे मिटून पुन्हा आवळून पाहिलं. नखांचा रंग पुसायचं पाणी लावून झालं. पुन्हा एकवीस ठोके झाले. जिग्नेशभाई माझ्या कानात म्हणाला, "आज काकीचा हात चालत नाय," आणि मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

दोनच्या सुमाराला लोक जेवायला पांगले. भाऊ आत कॉटवर पडले होते. झोप कसली लागतेय, दर दोन मिनिटांनी कॉट करकरायची. काकू जेवल्या नाहीत. डावं मनगट सुजून आलं होतं, ते त्या पदराखाली लपवत होत्या आणि एका हाताने पाना रेटत होत्या. मला बघवेना. ही बाई आज हरली की ह्या घराला कुलूप लागणार, आणि ते लावणारा हात माझा. मी म्हटलं, "काकू, सोडा ना आता. हात दुखतोय तुमचा."

"हाताचं हात बघून घेईल."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. "तापवून बघा," मी पुटपुटलो. "नुसतं कोमट नको. चांगला तापवा." त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी मान वळवून तुळशीची पानं मोजायला लागलो.

आग आणायची तर आधी सगळं घासलेट पुसून, साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, हा त्यांचा कडक नियम. ते केलं. शेगडीत सळया लाल केल्या आणि एकेक करून बोल्टाच्या डोक्यावर टेकवल्या. पाचव्या सळईला बारीकसा धूर निघाला आणि जळक्या प्लास्टिकचा गोडसर वास आला. काकूंनी एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"काय रे कोकणी, ओळखीचा आहे का वास?"

"कसला?" मी म्हटलं. सहा वर्षांत त्या घरात एवढं लाजिरवाणं मी दुसरं काही बोललो नसेन.

"कसला नाही," काकू म्हणाल्या. "जा, कोपऱ्यावरून बर्फ घेऊन ये."

मी धावत गेलो आणि धावत आलो. आलो तर काकू फडक्याने पाना पुसत होत्या. बोल्ट जागच्या जागी होता. "बर्फ राहू दे," त्या म्हणाल्या, "त्याचं सरबत करू." आणि आत तोंड करून आवाज दिला, "भाऊ, ऊठ. नाही सुटत रे. हरले मी."

भाऊ बाहेर आले. जिंकलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं. बातमी कळून लोक परत जमले. जिग्नेशभाई पुढे झाला, "काकी, एक वार मी बघू?" काकू एकदम कडाडल्या, "हात लावायचा नाही. माझा बोल्ट आहे तो." आणि त्यांनी त्यावर फडकं बांधून टाकलं. सरबत सगळ्यांना मिळालं. मी माझा पेला तसाच पायरीवर ठेवला. वाटत होतं, उठून सगळ्यांसमोर सांगून टाकावं की ह्या बाईचे हात शाबूत आहेत, मीच हरामखोर आहे. तेवढी छाती झाली नाही.

सकाळी हिय्या करून खाली गेलो. काकूंनी एकच बॅग भरली होती आणि बत्ता साडीत गुंडाळून वर ठेवला होता. घराच्या किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. मी म्हटलं, "काकू, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"नको सांगू," त्या म्हणाल्या. "सांगितलंस की मला चिडावं लागेल, आणि सुरत लांब आहे."

त्या जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. फळियातले लोक रस्त्यावर उभे होते. डिकीत ठेवायला भाऊंनी ते इंजिन उचललं. उचलताना फडकं गळून पडलं. नीट धरायला त्यांनी पकड बदलली, त्यांचा अंगठा बोल्टाच्या डोक्याला लागला, आणि बोल्ट फिरला.

भाऊंनी इंजिन डिकीच्या काठावर टेकवलं. दोन बोटांनी बोल्ट आणखी फिरवला. फिरवत फिरवत तो सगळाच बाहेर आला. आट्यांत लाल गोंदाचे करपलेले कण होते. काकूंनी तो कालच सोडवला होता आणि परत, न आवळता, नुसताच बसवून ठेवला होता.

भाऊ बोल्ट घेऊन पुढच्या काचेशी गेले. "आई, हा कधी सुटला?"

"काल चार वाजता. हा बर्फ आणायला गेला होता तेव्हा."

"मग हरले का म्हणालीस?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "लहानपणापासून तू बसवलेलं काही टिकलंय का रे, भाऊ? सायकलची घंटी, नळाची तोटी, सगळं दोन दिवसांत गळून पडायचं. तुझा बाप त्यावरून किती बोलायचा तुला. जन्मात पहिल्यांदा एक बोल्ट इतका घट्ट बसवलास, तोही मला न्यायला. तो मी चारचौघांत सोडवून दाखवू?"

भाऊंनी बोल्ट मुठीत आवळला. गाडीच्या टपावर हात टेकून तो चाळिशीतला माणूस भर रस्त्यात रडत उभा राहिला, आणि आम्ही सगळे इकडेतिकडे बघत राहिलो.

"चल," काकू म्हणाल्या, "ऊन व्हायच्या आत निघू."

भाऊंनी बोल्ट शर्टाच्या खिशात टाकला आणि गाडी सुरू केली.